वहीतील साक्ष



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मच्छे येथील एक मुलगी आईसह मला भेटावयास आली. ती परिचारिकेचे शिक्षण घेत असून शेवटच्या वर्षी तिला आपल्याच व्यवसायातील एका प्रश्नाचे स्वतंत्र संशोधन करावयाचे आहे. तिने विषय निवडला तो असा : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी परिचारिका हात धुतात काय? मेट्रनची परवानगी घेऊन तिने तीन दिवस वॉर्डात नोंदी केल्या. हात न धुतल्याचेच प्रसंग अधिक निघाले; आणि त्या परिचारिकांत तिची सख्खी मावशीही होती!

आई म्हणाली, "फादर, चार आकडे बदलले तर कुणाचे काय बिघडणार? दुसऱ्यांचे उतरून काढणाऱ्या मुलीही पास होतातच की."

मातेचे मन मी जाणतो. परंतु याचे उत्तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातच सापडते. २००२ ते २००५ या काळात येथील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक संशोधन झाले. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने गरीब माता दगावतात. तो मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी टळतो काय, हे पाहावयाचे होते. निम्म्या स्त्रियांना औषध दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणत्या गोळ्या कोणत्या, हे बाळंतिणीला ठाऊक नसे आणि त्या देणाऱ्या परिचारिकेलाही नसे. मातेखाली खुणा केलेले प्लॅस्टिकचे कापड पसरून रक्त मोजले जाई. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. हा निष्कर्ष २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातले.

आता विचार करा. खेड्यापाड्यांतील त्या परिचारिकांनी कुणाची भीड धरून रक्ताचे माप कमी-अधिक लिहिले असते, तर त्या कागदावर कुणी विश्वास ठेवावा? आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. संशोधकाची वही हीदेखील साक्षच होय.

मी मुलीला म्हणालो, "बाळ, आकडा बदलू नकोस; पण कुणाचे नावही लिहू नकोस. तुला दोष शोधावयाचा आहे, दोषी नव्हे. तीन दिवसांची नोंद म्हणजे साऱ्या रुग्णालयाचा निवाडा नव्हे, हेही स्पष्ट लिही. आणि हात का धुतले जात नाहीत, ते मावशीलाच नम्रपणे विचार."

बुधवारी ती पुन्हा आली. मावशी प्रथम रागावली, मग गप्प बसली, आणि शेवटी म्हणाली, "नळ वॉर्डाच्या पार त्या टोकाला आहे गं. एका पाळीत तीस रुग्ण. किती वेळा जाऊ?"

तिच्या प्रबंधातील सर्वांत मोलाचे वाक्य तिला मिळाले होते. नळ जवळ आणता येतो. खोटा आकडा मात्र तो दूरच ठेवतो.

आईबापहो, मुलांच्या गुणांची चिंता अवश्य करा. परंतु त्यांच्या वहीतील सत्याची चिंता आधी करा. जो थोडक्यात विश्वासू असतो, त्याच्याच हाती प्रभू पुढे रुग्णाचा प्राण सोपवितो.

तुमचा,
फादर