सनद मिळाली, शिकवणार कोण?

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात सात जणांची हत्या झाली. आरोपींपैकी एकाला फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. मार्च २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने मान्य केले, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीतली जन्मतारीख निर्णायक ठरली. नागपूरच्या तुरुंगातून तो बाहेर आला तेव्हा २८ वर्षे उलटली होती.

शाळेचा दाखला मिळवणे ही काही फार मोठी कायदेपंडिती नव्हे. त्यासाठी कैद्यासमोर बसून गाव, शाळा, घरची माणसे यांची बारकाईने चौकशी करणारा आणि मग ती कागदपत्रे हुडकून काढणारा वकील लागतो. हे काम कुणीतरी शेजारी बसवून शिकवावे लागते.

नेमकी तीच सोय आपल्याकडे नाही. डॉक्टरला कायम नोंदणीआधी रुग्णालयात राबावे लागते. वकिलांसाठीही सनदेपूर्वी एक वर्षाच्या उमेदवारीचा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये केला होता. पण असा नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलला नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो रद्द ठरवला. आता नवा वकील पुढचे सगळे सिनियरकडे शिकतो, आणि तेही सिनियर भला भेटला तर.

शिवाय पोटाचा प्रश्न आहेच. ज्युनिअरला शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. ती निव्वळ शिफारस आहे. त्यामुळे नंदुरबार किंवा गडचिरोलीतून शिकून आलेल्या मुलीला गरिबांचे खटले लढवायची कितीही ओढ असली, तरी घरभाडे भागवण्यासाठी तिला दुसरी कामे धरावी लागतात. ज्या वस्त्यांतून कच्चे कैदी येतात, त्याच वस्त्यांतले वकील या क्षेत्राबाहेर फेकले जातात.

यावरचे उत्तर आपल्या राज्यातच सापडले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने नागपूर आणि येरवडा कारागृहांत, तर टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्यातल्या इतर काही कारागृहांत तरुण वकील आणि सामाजिक कार्यकर्ते पगारी पाठ्यवृत्तीवर नेमले. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडकलेला कैदी शोधणे, घरच्यांशी संपर्क साधणे, जात मुचलक्यासाठी अर्ज करणे, हे शिक्षण त्यांना रोजच्या कामातून मिळाले.

अशा पाठ्यवृत्त्या देणगीवर चालतात आणि देणगी आटली की थांबतात. म्हणून ही जबाबदारी सरकारने उचलायला हवी, आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत गरीब आरोपींचा मोफत बचाव करणारी लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली. तिथे साहाय्यक पदावर शून्य ते तीन वर्षे अनुभवाचे वकील नेमता येतात आणि त्यांच्या वर मुरलेले फौजदारी वकील असतात. या कार्यालयांना रीतसर प्रशिक्षण केंद्रांचा दर्जा द्यावा. पहिले सहा महिने साहाय्यकाकडे मोजकेच खटले असावेत, दर आठवड्याला मुख्य लोकअभिरक्षकाने प्रत्येक फाइल त्याच्यासोबत वाचावी आणि कारागृहभेटींचा प्रवासखर्च कार्यालयाने द्यावा. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे.