सही बापाची, राबणूक आईची

जून उजाडला की प्रत्येक शाळेतून एक कागद घरी येतो. ‘पालकांसाठी सूचना’ असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. कधी छापील, कधी झेरॉक्स, आणि आता बऱ्याच ठिकाणी व्हॉट्सॲपवर आलेला नुसता फोटो. कुठल्या वारी कुठला गणवेश, डब्यात काय द्यायचं, वह्यांना कव्हर कुठल्या रंगाचं, पालकसभा कधी. आपण चळवळीतल्या बायका या कागदाकडे ढुंकूनही पाहत नाही. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी यातून सवड मिळेल तेव्हा ना! पण माझं म्हणणं असं आहे, की घरात कोण राबणार आणि कोणाचं चालणार हे हा कागद दरवर्षी नव्याने सांगत असतो, तेही शाळेचा शिक्का मारून. आणि आपण ते मुकाट्याने चालू दिलं आहे.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतल्यापासून मी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली कुटुंबं, बहुतेक बायका घरकाम किंवा कंत्राटी सफाईच्या कामावर. या वस्त्यांमधून जमवलेल्या अशा पत्रकांची एक फाईलच माझ्याकडे झाली आहे. शाळा पालिकेची असो, अनुदानित असो की गल्लीतली इंग्रजी माध्यमाची, भाषा ठरलेली. ‘आईने डब्यात पौष्टिक व ताजा पदार्थ द्यावा.’ ‘मातांनी पाल्याची नखे, केस, रुमाल पाहूनच शाळेत पाठवावे.’ ‘घरी आईने रोज एक तास अभ्यास घ्यावा.’ आणि हे सगळं झाल्यावर तळाशी उजव्या कोपऱ्यात एक रेघ असते, तिच्याखाली छापलेलं असतं : वडिलांची सही.

सोबतचा फॉर्मही तसाच. वडिलांचं नाव, व्यवसाय, उत्पन्न, मोबाईल नंबर. आईचं फक्त नाव. व्यवसायाचा रकाना असलाच तर पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईपुढेही ‘गृहिणी’ लिहून मोकळे! नंबर बापाचा दिला की वर्गाच्या ग्रुपवर बाप. पालकसभा उद्या आहे हा निरोप कारखान्यात पाळीवर असलेल्या बापाच्या खिशात पडून राहतो, आणि सभेला कोणी आलं नाही म्हणून शाळा सुटताना जाब विचारला जातो तो आईला.

काम बाईच्या गळ्यात घालताना तिच्याकडे वेळ आहे का, हे कोणी विचारतं? केंद्र सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत २०१९ साली असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली, पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाने आपलीही नऊ वाचवून घेतली. त्यात शाळा म्हणते, रोज एक तास अभ्यास घ्या. सरकारही मागे नाही. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, गावोगाव माता-पालक गट केले आहेत, मुलांकडून घरी काय करून घ्यायचं याची कार्डं आयांच्या हातात दिली जातात. आयांना शाळेत बोलावलं, एकत्र बसवलं, याचं मला कौतुकच आहे. पण ‘पिता-पालक गट’ असा शब्द तुम्ही कुठे ऐकलाय? शिकवायचं काम आलं की ‘माता’, सहीचं काम आलं की ‘वडील’.

बरं, कायदा तरी असं म्हणतो का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पालकाची व्याख्या सरळ आहे : आई किंवा वडील, सख्खे, सावत्र अथवा दत्तक घेतलेले. दोघांपैकी कोणीही. सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली निकाल दिला. मुलाच्या नावाने रोखे घ्यायला आईची सही रिझर्व्ह बँकेला चालत नव्हती, तिथून ते प्रकरण सुरू झालं होतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असं लिहिलं आहे, त्यातल्या ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडील मेल्यावर’ एवढाच नाही, वडील मुलाकडे पाहत नसतील तर ते जिवंत असतानाही आईच पालक, असं न्यायालयाने म्हटलं. अर्धवट का होईना, दार उघडलं. पुढे २०१५ साली अविवाहित आईला मुलाच्या पालकत्वासाठी बापाला नोटीस पाठवायची गरज नाही, असा निकाल आला. आणि अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख केलं. म्हणजे धान्य आणायला ती कुटुंबप्रमुख, आणि त्याच धान्याच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाच्या शाळेच्या कागदावर तिची सही चालत नाही!

कोणी म्हणेल, आता आईचं नाव लागतंय की. हो, मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं, की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव. चांगलं झालं. पण ती मुलं पहिलीत येणार २०३० साली. आज वर्गात बसलेल्या मुलांच्या आयांनी तोवर काय करायचं? शिवाय नाव लागलं म्हणजे अधिकार आला असं होत नाही. दारावर पाटी बाईच्या नावाची आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात, हे आपण काय कमी पाहिलं आहे?

याची किंमत कोण मोजतं ते सांगते. नवऱ्याने घराबाहेर काढलेली एक बाई दोन मुली घेऊन भावाकडे वस्तीत आली. मोठीला पालिकेच्या शाळेत चौथीत घालायला गेली, तर शाळा म्हणाली, आधीच्या शाळेचा दाखला आणा. गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेली, तर ते म्हणाले, वडिलांना घेऊन या. वडिलांना तर तेच हवं होतं : मुलीच्या दाखल्यासाठी ही नाक घासत परत येते की नाही, ते पाहायचं होतं. मुलगी अडीच महिने घरी बसून धाकटीला सांभाळत होती. कायदा काय म्हणतो? दाखला मागितला की मुख्याध्यापकाने तो लगेच द्यायचा. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवायचा नाही. बापाची सही लागते असं त्यात कुठेही नाही. हे त्या बाईला माहीत नव्हतं. दोन्ही शाळांच्या पत्रकात कव्हरचा रंग होता, हे नव्हतं.

माझा खरा राग आहे तो पत्रकात काय नसतं याच्यावर. पालकाने काय करावं याच्या वीस सूचना असतात, शाळेने काय करायचं याची एक ओळ नसते. मुलाला मारता येत नाही, अपमान करून मानसिक छळही करता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे, पत्रकात नसतं. खाजगी शाळेला प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घेता येत नाही, हे नसतं. वह्या-गणवेश अमुक एका दुकानातूनच घ्यायची सक्ती करता येत नाही, असे शासनाचे आदेश आहेत. पण पत्रकात त्या दुकानाचा पत्ता असतो! सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात, हे नसतं. मग कोणाच्या तरी बायकोचं नाव परस्पर लिहून समिती कागदावर पूर्ण होते.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. तक्रार नोंदवून घेण्यासाठी आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा राज्य हललं. प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ हवी, असा आदेश त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२२ मध्येच निघाला होता. बदलापूरनंतर शासनाला शाळांना त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाळी कोणाला आली आहे हे पाहायला मुलींची अंगावरचे कपडे काढून तपासणी केल्याची तक्रार पालकांनी केली, आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आता मला सांगा, तुमच्या मुलीच्या शाळेतल्या सखी सावित्री समितीत कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे? ती समिती आहे हे तरी? मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असून ती न कळवणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, शाळेच्या प्रमुखालासुद्धा. चार नावं, दोन फोन नंबर आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाईन, एवढं छापायला किती जागा लागते? नखं कापण्याच्या सूचनेएवढीच.

यावर काही आक्षेप येतात. मुख्याध्यापक म्हणतात, ‘बाई, आमचा नमुना वर्षानुवर्षांचा आहे.’ असेल, पण तो बदलायला कोणाची मंजुरी लागत नाही. बहुतेक ठिकाणी तो वर्गशिक्षिकाच लिहितात. खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या या बायका आपल्या शत्रू नाहीत. त्यांच्या घरीही असाच कागद येतो.

दुसरा आक्षेप : आयांना वाचता येत नाही. मग मराठी चौथी शिकलेल्या आईला इंग्रजीत पत्रक कशाला पाठवता? वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. वर्गाच्या दारात दहा मिनिटं उभं राहून मोठ्याने वाचलेला कागद झेरॉक्सपेक्षा लांब जातो.

तिसरा : तुम्ही बापाला बाजूला काढताय. अहो, उलट आहे! डब्याच्या, अभ्यासाच्या, नखांच्या सूचनेत ‘आई’च्या जागी ‘आई-वडील’ लिहा, एवढंच तर मागतोय. त्यात बापाला आत आणणं आहे.

चौथा आक्षेप आपल्यातलाच, आणि तो मी गंभीरपणे घेते. कमी पटाच्या शाळा बंद करायची टांगती तलवार आहे, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि तू कागदाचं काय घेऊन बसलीस? पण शाळा वाचवायच्या तर त्या शाळेवर हक्क सांगणाऱ्या आया हव्यात. समितीत आपण बसू शकतो हे जिला ठाऊक नाही, ती शाळा बंद होताना ठराव कसा अडवणार?

गेल्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या बायकांनी चार दुपारी बसून पत्रक लिहिलं. आधी शाळेचं जुनं पत्रक वाचलं. ‘आई’ हा शब्द आला तिथे लाल रेघ, ‘वडील’ आला तिथे निळी. लाल सगळी कामात आणि निळी सगळी सहीत, हे दिसायला भाषण लागलं नाही. मग एकेकीने सांगितलं ते लिहून काढलं. त्यातलं थोडं इथे देते :

‘आई किंवा वडील, दोघांपैकी कोणाचीही सही चालेल. दोघंही नसतील तर जो सांभाळतो त्याची.

दोघांचे फोन नंबर लिहा. दोन्ही नंबरांवर निरोप येईल.

मुलाला शाळेतून कोणी न्यायचं आणि कोणी न्यायचं नाही, ते लिहून द्या. ते आम्ही गुप्त ठेवू. कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत द्या.

शाळेत मुलाला मारणार नाही. मारलं तर यांना सांगा.

मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे, पाणी आहे. नसेल तर यांना सांगा. पाळी आली म्हणून कोणी मुलीला वेगळं बसवणार नाही.

पालकसभा संध्याकाळी किंवा रविवारी होईल. कामाचा खाडा करून यावं लागणार नाही.’

‘कोणी न्यायचं नाही’ ही ओळ एका बाईने घातली. तिचा नवरा दोनदा शाळेतून परस्पर मुलाला घेऊन गेला होता. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत ही ओळ मला कोणी शिकवली नव्हती. पालिकेच्या शाळेने आमच्या मसुद्यातला बराचसा भाग घेतला. सहीची ओळ बदलली, फोनचे रकाने दोन झाले. खाजगी शाळेने ‘विचार करू’ म्हटलं. तिथे यंदा पुन्हा जाणार आहोत.

मैत्रिणींनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा उघडायला काही आठवडे असतील, विदर्भात आणखी थोडे जास्त. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत गेल्या वर्षीचं पत्रक घेऊन या. दोन रंगांचे पेन आणा. सखी सावित्री समितीची आणि व्यवस्थापन समितीची नावं लेखी मागा. दिली नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. लिहिलेला मसुदा घेऊन एकीने जाऊ नका, दहाजणी जा, आणि शाळा उघडायच्या आधी जा, कारण एकदा झेरॉक्स निघाले की ‘आता पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ठरलेलं असतं. आणि शाळेने काहीच बदललं नाही, तर ‘वडिलांची सही’ हे शब्द खोडून ‘पालक’ लिहा, आणि त्याखाली आपली सही ठोका. तो कागद नाकारायचा असेल तर शाळेने तसं लेखी द्यावं.