उपवास कोणी धरावा, कोणी सोडावा?

श्रावण लागला की माझ्या दवाखान्यात चक्कर, डोकेदुखी आणि जळजळ घेऊन येणाऱ्या बायका वाढतात. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, पुढे हरतालिका आणि मग नवरात्राचे नऊ दिवस. हल्ली त्यात मोबाइलवरून आलेल्या सोळा तासांच्या उपवासाची भर पडली आहे. रात्री आठला जेवायचे, ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत तोंडात काही घालायचे नाही. त्याने 'हार्मोन्स सुधारतात' म्हणे.

मी उपवासाच्या विरुद्ध नाही. वजन जास्त असलेल्या, साखर वाढू लागलेल्या पन्नाशीच्या बाईने रात्री लवकर जेवून सकाळी उशिरा खाल्ले तर तिचा फायदाच होईल. पीसीओडी असलेल्या लठ्ठ मुलींची पाळीही वजन उतरल्यावर बरेचदा सुधारते. पण हा गुण घड्याळाचा नाही, दिवसभरात अन्न कमी गेल्याचा आहे.

काळजी वाटते ती मुळात अंगाने बारीक असलेल्या मुलींची. पाळीची सूत्रे मेंदूच्या हाती असतात. तेथील हायपोथॅलॅमस ठराविक अंतराने पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो आणि तिच्या हार्मोन्सवर अंडाशयाचे काम चालते. अंगात शिल्लक किती, याची वर्दी चरबीतून निघणारे लेप्टिन मेंदूला देते. अन्न सतत कमी पडले की मेंदू हे इशारे विरळ करतो. घरात धान्य नसताना पाहुणा बोलावू नये, असा त्याचा सरळ हिशेब. पाळी लांबते, कधी बंदच होते. इस्ट्रोजेन घटते, आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती विरळ होऊ लागतात. अशा मुलीला घेऊन आई येते आणि 'पाळीची गोळी द्या' म्हणते. गर्भ, थायरॉइड वगैरे तपासण्या कराव्याच लागतात. पण त्या ठीक निघाल्या तर औषध ताटात असते, बाटलीत नव्हे.

जुन्या उपवासाची गोष्ट वेगळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने आणि लोह नावालाच. शेंगदाण्याचे कूट तेवढी लाज राखते. वर चार कप चहा, जो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हे सारे उपवासाने झाले असे नाही. पण घरात शेवटी जेवणारी तीच, उपवास धरणारी तीच आणि त्या दिवशी इतरांचा दोन वेळचा स्वयंपाक करणारीही तीच. पुरुषांचे उपवास एकदा मोजून पाहा.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने कडक उपवास करूच नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशी राहिल्याने साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते. थायरॉइडची गोळी तर उपाशीपोटीच घ्यायची असते. घोटभर पाण्याने निर्जळी मोडते म्हणून ती चुकवू नका.

नवरात्राआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. दहाच्या खाली असेल तर नऊ दिवस दिवा लावा, आरती करा आणि दोन्ही वेळा भाजी, उसळ, भाकरी जेवा. सुनेने हे स्वतः सांगितले तर घरात चालत नाही, ठाऊक आहे. सासूबाईंना दाखवायला चिठ्ठी हवी असेल तर मी लिहून देतो.