नकाराचा अधिकार

भामरागड तालुक्यात वेश्यावस्ती नाही. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमालगतच्या अरण्यात, हेमलकशासारख्या ठिकाणी बसून वेश्याव्यवसायाविषयी मत देण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असे मुंबई-पुण्याचा वाचक विचारील, आणि तो प्रश्न गैरवाजवी नाही. परंतु जेथे स्त्रीदेहाचा बाजार अद्याप वसलेला नाही, आणि तो वसण्यास लागणारी सारी सामग्री, म्हणजे दारिद्र्य, स्थलांतर, परका पैसा आणि परका मुकादम, मात्र दारात येऊन ठेपलेली आहे, तेथून या प्रश्नाचा उगम जितका स्पष्ट दिसतो तितका तो कामाठीपुऱ्याच्या गल्लीतून दिसत नाही, अशी माझी धारणा आहे.

पहिला पूर्वपक्ष असा की, हा व्यवसाय इतर श्रमांसारखाच एक श्रम असून तो स्त्रीस स्वतःच्या कमाईवर उभे करतो, सबब तो सबलीकरणाचा मार्ग होय. हा पक्ष हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. सांगलीस ‘संग्राम’ संस्थेच्या कार्यातून 1996 साली उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही धंदा करणाऱ्या स्त्रियांचीच संघटना. एड्सच्या भयाने सारा समाज ज्यांच्याकडे रोगाचे आगर म्हणून पाहत होता, त्याच स्त्रियांनी वस्तीवस्तीत निरोध वाटले, त्यावाचून येणाऱ्या गिऱ्हाइकास परत पाठविण्याचे बळ एकमेकींस दिले, आणि कीव नको, हक्क हवेत, अशी कैफियत पोलीस व सरकार यांच्यापुढे निर्भयपणे मांडली. त्यांच्या या कर्तृत्वापुढे मी आदराने नतमस्तक आहे. मात्र त्याचे श्रेय धंद्याच्या पदरात घालणे हा शुद्ध तर्कदोष होय. तोच धंदा घरवालीच्या कर्जात बुडालेली एकाकी मुलगीही करते, आणि तिला नकाराचा उच्चारसुद्धा करता येत नाही. तेव्हा सांगलीच्या स्त्रियांस जे बळ लाभले ते एकजुटीचे, धंद्याचे नव्हे. शिवाय जेथे देवदासी म्हणून सोडलेली मुलगी कळत्या वयापूर्वीच या वाटेस लागते, तेथे निवड हा शब्द कोणत्या तोंडाने उच्चारावा? मुंबई इलाख्यात या प्रथेविरुद्ध 1934 साली कायदा झाला, तरी 2005 चा नवा कायदा महाराष्ट्रास करावा लागला, यावरून त्या निवडीची किंमत ताडता येते.

दुसरा पूर्वपक्ष आमच्याच जिल्ह्यात अधिक ऐकू येतो. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली. मग दारू बंद करता येते तर ह्या वस्त्या का बंद करू नयेत, असे प्रामाणिक माणसेही विचारतात. या युक्तिवादात एक मोठी गफलत आहे. दारूबंदी गावोगावच्या स्त्रियांनी मागून घेतली, आणि तिचा दंड मुख्यतः विकणाऱ्यावर पडला. जप्त झाली ती दारू. येथे जिच्यावर जप्ती आणावयाची ती स्वतः मनुष्य आहे, आणि बंदीची मागणी तिने केलेली नाही. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूरच्या गंगाजमुना वस्तीची पोलिसांनी नाकेबंदी केली तेव्हा तेथील स्त्रिया आपल्या पोटासाठी रस्त्यावर उतरल्या. ज्यांच्या उद्धारासाठी म्हणून फर्मान निघाले त्यांनीच त्याविरुद्ध उभे राहावे, एवढ्यानेही आपण विचारात पडणार नसू, तर आपल्या करुणेची पारख व्हावयास हवी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील देवदासी-जोगतिणींस हा धंदा सोडण्याचे आवाहन केले, ते मोठ्या परखडपणे केले. पण ते त्यांस समोर बसवून, त्यांच्या स्वाभिमानास हाक घालून केले. फौजदार पाठवून माणसाचा स्वाभिमान जागा झाल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

कायद्याची स्थितीही सामान्य समजुतीहून निराळी आहे. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम कुंटणखाना चालविणाऱ्यास व दलालास शिक्षा सांगतो, आणि ते योग्यच. परंतु त्याचे आठवे कलम गिऱ्हाईक बोलावणाऱ्या स्त्रीसही तुरुंग दाखविते, आणि चौथे कलम तिच्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान माणसास गुन्हेगार ठरवीत असल्याने तिची वृद्ध आईदेखील संशयाच्या कक्षेत येते. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, आणि संरक्षणगृहांत मनाविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध घेऊन त्यांच्या सुटकेचा विचार व्हावा, असे निर्देश दिले. सुधारगृहाच्या भिंतीआड ठेवलेल्या स्त्रीस आपण सोडविली म्हणत होतो, आणि तिच्या सुटकेसाठी न्यायालयास बोलावे लागले.

आता या अरण्याकडे वळतो. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्पाचा पाया घातला तेव्हा व्यापारी चारोळी घेऊन बदल्यात मीठ देत असे, आणि माडिया माणसास त्या सौद्यास नाही म्हणता येत नव्हते. माडिया समाज स्वर्ग आहे असे मी म्हणत नाही. मासिक पाळीत स्त्रीस कुर्माघरात धाडणारी रूढी डोळ्यांआड करून कोणी त्याची आरती गाऊ नये. पण तेंदूच्या हंगामात मे महिन्याच्या पहाटे पाने तोडून आणलेली स्त्री पाहा: दुपारभर ती सत्तर पानांचा एकेक पुडा बांधते, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, ओळीने मांडते, आणि मुनशी त्यांतले काही पुडे खराब म्हणून बाजूला सारतो. तो मुनशी जोवर ठेकेदाराचा, तोवर त्याच्या मर्जीवर तिची चूल, आणि ज्याच्या मर्जीवर चूल त्याच्या नजरेस नजर देणे कठीण. यवतमाळ जिल्ह्यात झरीजामणीच्या कोलाम कुमारी मातांचा जो प्रश्न गाजला, त्यात बाहेरून आलेल्या ठेकेदार-व्यापाऱ्यांच्या शोषणाची हीच कहाणी आहे. याउलट 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखासारख्या गावांस जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या, आणि हिशेबाची वही गावात आली. अशा फळीवर पुडा कोणी नाकारलाच तर ग्रामसभेत उभे राहून ती त्याचा जाब विचारू शकते.

म्हणून माझा पक्ष असा: धंद्याचा गौरव नको आणि धंदा करणारीचा छळही नको, अल्पवयीन मुलीचा सौदा करणारास दयामाया नको, आणि ज्या सज्ञान स्त्रीस हा मार्ग सोडावयाचा आहे तिला सुधारगृहाऐवजी तिच्या नावाचे रेशनकार्ड, तिच्या मुलांस शाळा आणि हाताला काम मिळावे. आमच्या भागापुरती मागणी याहून लहान आहे, आणि ती आजच पुरी करता येईल. दरवर्षी मिरचीतोडणीस तेलंगणात मजूर जातात, त्यांत तरुण मुली असतात. लग्नाच्या आमिषाने परप्रांतात विकल्या गेलेल्या मुलींची प्रकरणे चंद्रपूरच्या पोलीसदप्तरी नोंदली गेली आहेत. कोणती मुलगी, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या गावी गेली आणि ठरल्या दिवशी परतली की नाही, याची नोंदवही प्रत्येक ग्रामसभेने ठेवावी, त्या वहीवर स्त्रियांचाच ताबा असावा, आणि जी परतली नाही तिच्यासाठी तक्रार घेऊन गेलेल्या बापास ठाण्यातून कोणी रिकाम्या हाती परत पाठवू नये.