घरच्या पडद्यावरील पावनखिंड

बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' हा मूकपट १९२३ सालीं निघाला. त्यांत शेलारमामांची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनीं केली होती. तेव्हांपासून आजतागायत मावळ्याची तलवार मराठी पडद्यावरून खालीं ठेवली गेलेली नाहीं. परंतु त्या काळीं ती पाहण्यासाठीं माणसाला घराबाहेर पडावें लागे. आज ती आपण होऊन घरांत आली आहे. म्हणून मुलांनीं युद्धपट पाहावेत कीं नाहींत, या जुन्या प्रश्नांत आतां फारसा अर्थ उरलेला नाहीं. ते घरीं कसे पाहावेत, हा खरा प्रश्न आहे. श्री. दिग्पाल लांजेकर यांच्या 'पावनखिंड' या चित्रपटाच्या निमित्तानें तोच विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, असा या लेखाचा हेतु आहे.

हा चित्रपट १८ फेब्रुवारी २०२२ रोजीं चित्रपटगृहांत लागला. शिवकालावरील लांजेकरांच्या मालिकेंत 'फर्जंद' (२०१८) व 'फत्तेशिकस्त' (२०१९) यांच्यामागून आलेला हा तिसरा चित्रपट. आरंभीं त्याचें नांव 'जंगजौहर' असें ठरलें होतें. कोरोनाच्या सांथीमुळें त्याचें प्रदर्शन लांबत गेलें. पण एकदां तो लागल्यावर महिन्याभरानें, त्याच वर्षाच्या मार्चमध्यें, अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवरून तो घरबसल्या पाहण्यास मिळूं लागला. बाजीप्रभूंच्या भूमिकेंत श्री. अजय पूरकर, शिवाजी महाराजांच्या भूमिकेंत श्री. चिन्मय मांडलेकर आणि जिजाऊंच्या भूमिकेंत श्रीमती मृणाल कुलकर्णी आहेत.

आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या मुलुखांत चित्रपटाच्या अशा घरपोंच येण्याचें मोल काय आहे, तें शहरवासीयांस सहज उमगणार नाहीं. भीमाशंकराच्या कुशींतील किंवा नाणेघाटाकडील एखाद्या वाडीवरून चित्रपटगृह गांठावयाचें, तर तालुक्याचें गांव, नाहींतर थेट पुणें गांठावें लागतें. रात्रीचा खेळ पाहून परतण्यास गाडी मिळत नाहीं. आणि उसाच्या पट्ट्यांत बिबट्याचें भय असें कीं, दिवेलागणीनंतर लहान मुलाला अंगणांतही कोणी एकटें सोडीत नाहीं. पूर्वीं जत्रेंत तंबूंतला सिनेमा येई. पुढें भाड्याच्या कॅसेटी आल्या, सीड्या आल्या. तरीही गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसांनीं आणि दोन्ही वेळच्या धारांत अडकलेल्या गृहिणींनीं नवा चित्रपट नवा असतांना पाहावा, असें क्वचितच घडलें. आतां तो सर्वांना एकाच वेळीं पाहतां येतो. हा लाभ लहान नव्हे, आणि पुढें जी टीका मी करणार आहें, ती करतांना तो मी विसरलेलों नाहीं.

घरच्या पडद्यावर कांहीं गोष्टी हरवतात, हेंही खरें. या चित्रपटाचा मोठा भाग रात्रीचा आणि पावसाचा आहे. दिवसाउजेडीं, उघड्या खिडकीशेजारीं, तळहाताएवढ्या मोबाइलवर तो पाहिला तर काळोखांत हालणाऱ्या सांवल्यांपलीकडे फारसें दिसत नाहीं. चित्रपटगृहांत छातींत घुमणारा नगारा मोबाइलच्या कर्ण्यांतून डबा वाजविल्यासारखा वाजतो. शिवाय जवळून पाहतां कांहीं दोष ठळक होतात. माझ्या मतें खिंडींतील लढाईचीं दृश्यें प्रमाणाबाहेर लांबलीं आहेत, आणि एका घावानें होणारें काम तीन घावांनीं केलें आहे. पण हे दोष सोसण्याजोगे आहेत. दिवा मालवावा, मोबाइल टीव्हीला जोडावा, म्हणजे निम्मी उणीव भरून निघते. सोसण्याजोगी नाहीं ती गोष्ट निराळीच आहे, आणि ती मला एका आजीबाईंनीं दाखविली.

एका पावसाळ्यांत आंबेगांव तालुक्यांतील एका गांवीं, माझ्या आतेबहिणीच्या घरीं, मी मुक्कामास होतों. बाहेर संततधार लागली होती. रात्रीं जेवणें झाल्यावर सातवींतल्या भाच्यानें मोबाइल टीव्हीला जोडून 'पावनखिंड' लावला. त्याच्या आजीला मोतिबिंदूमुळें कमी दिसतें; ती खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. पन्हाळ्यावरचीं खलबतें सुरू झालीं मात्र, आणि भाच्याचें बोट कांचेवर सरकूं लागलें. क्षणांत गड गेला, वेढा गेला, पालखी गेली, आणि एकदम खिंडींत तलवारींचा खणखणाट ऐकूं येऊं लागला. आजीनें डोळे उघडले.

"आरं बाळा, राजं आत्ता तर गडावर व्हते. मधली रात कुठं गेली?"

"मधी काय नाय, आजी. नुसतं चालत्यात."

या उत्तरावर सगळे हंसले, मीही हंसलों. परंतु अंथरुणावर पडल्यानंतर तें उत्तर कांहीं केल्या मनांतून जाईना.

सन १६६० च्या मार्चमध्यें महाराज पन्हाळ्यावर आले, आणि सिद्दी जौहरानें गडास वेढा घातला. आषाढांतील पावसांतही तो वेढा उठेना. तेव्हां १२ जुलैच्या रात्रीं महाराज निवडक माणसांनिशीं गडाबाहेर पडले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. शत्रूला चकविण्यासाठीं शिवा काशिद यांनीं महाराजांचा वेष घेऊन मरण पत्करलें, असें परंपरा सांगते. पाठलाग जवळ येऊन ठेपला तेव्हां घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे आणि बांदलांचें पथक मागें राहिलें, आणि विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत त्यांनीं वाट अडवून धरली. या कथेंतील कांहीं तपशील बखरींच्या परंपरेनें आपल्यापर्यंत आले आहेत. चित्रपट हें कथन आहे, पुरावा नव्हे, एवढें मुलांस अवश्य सांगावें. पण कथेचें मर्म त्यानें बदलत नाहीं.

तें मर्म असें कीं, बाजींनीं त्या दिवशीं शत्रूचा पाडाव केला नाहीं. त्यांनीं वेळ मिळविला. खिंडींत पडलेल्या प्रत्येक माणसानें आपल्या आयुष्याच्या बदल्यांत कांहीं क्षण विकत घेतले, आणि ते दुसऱ्या कोणाच्या पावलांसाठीं खर्च केले. म्हणून त्या रात्रींतील चिखल, घसरडी चढण, खांद्यावरची पालखी आणि मागून येणाऱ्या टापांची धास्ती, हें सारें वेळ घालविण्यासाठीं चित्रपटांत घातलेलें नाहीं. तोच चित्रपटाचा विषय आहे. 'नुसतें चालणें' वगळलें, तर खिंडींत तलवार उरते. पण ती कोणासाठीं चालली आहे, हें उरत नाहीं. ज्या वेळेसाठीं तीं माणसें मेलीं, तोच वेळ आपण बोटानें पुसून टाकतों, यापरता विपर्यास कोणता?

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाहीं. जपानांतील सामुराई योद्ध्यांवरील चित्रपटांत अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' हा १९५४ सालचा चित्रपट श्रेष्ठ गणला जातो. दरोडेखोरांनीं गांजलेलें एक खेडें पोटच्या भातावर सात योद्धे राखतें, एवढीच त्याची कथा. परंतु तो २०७ मिनिटांचा आहे, आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग योद्धे शोधण्यांत, कुंपण घालण्यांत, शेतकऱ्यांना भाले धरावयास शिकविण्यांत आणि वाट पाहण्यांत जातो. शेवटची लढाई भर पावसांत, चिखलांत होते, आणि ती आपल्या जिवाला लागते. कारण चिखलांत पडणारा प्रत्येक जण तोंवर आपल्या ओळखीचा झालेला असतो. परदेशीं पाठवितांना हा चित्रपट कापून लहान करण्यांत आला होता. पुढें घरीं पाहण्याच्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हां त्या देशांतील अनेकांना तो प्रथमच सबंध पाहावयास मिळाला. म्हणजे ज्या सोयीनें तेथें कापलेला भाग परत आणला, तीच सोय हातीं घेऊन आमचीं मुलें सबंध चित्रपटाची कापाकापी करीत आहेत.

त्या चित्रपटाचा शेवटही आमच्या पश्चिमेकडील गांवांतील मुलांनीं पाहण्यासारखा आहे. सातांपैकीं चार योद्धे मातींत गेलेले असतात, आणि वांचलेल्यांच्या समोर गांवकरी गाणीं म्हणत भाताची लावणी करीत असतात. जपानांत शेतकरी आणि योद्धा यांच्यामधील भिंत पुढें पक्की झाली. १५८८ सालीं तर हिदेयोशी या सत्ताधीशानें शेतकऱ्यांकडचीं शस्त्रें काढून घेण्याचा हुकूमच काढला. आपल्या मावळांत अशी भिंत नव्हती. नांगर धरणारा हातच प्रसंगीं तलवार धरी. आषाढ हा लावणीचा महिना. बांदलांच्या पथकांतील माणसांचीं खाचरेंही त्या दिवशीं त्यांच्या बायकांनीं नि म्हाताऱ्या बापांनीं लावलीं असतील. ज्या मुलानें गुडघाभर चिखलांत रोपांच्या मुठी वाहिल्या आहेत, त्याला रात्रभर चिखल तुडविणें म्हणजे काय, हें मुंबईच्या मुलापेक्षां अधिक कळावें. आणि त्यानेंच म्हणावें कीं, मध्यें कांहीं नाहीं!

कोणी म्हणतील, मुलें दिवसभर अभ्यास करून थकतात. घटकाभर लढाई पाहून त्यांचें मन रमलें तर बिघडलें कोठें? मी उत्तर देतों कीं, लढाई पाहण्यानें बिघडत नाहीं. नुसती लढाई पाहण्यानें बिघडतें. सबंध कथेंत घाव हा दुःखाचा असतो. तुकड्यांत तोच घाव चैनीचा होतो. पांच-पांच मिनिटांचे असे शेंकडो तुकडे पाहिलेल्या मुलाला शौर्य म्हणजे मारणें, एवढेंच कळतें. तग धरणें, मागें राहणें, दुसऱ्यासाठीं थांबणें हें शौर्य त्याच्या डोळ्यांपुढें येतच नाहीं. कारण तें पाहावयास वेळ लागतो.

आणि घरच्या पडद्यापाशीं एक गोष्ट अशी आहे, जी कोणत्याही चित्रपटगृहांत नाहीं. तेथें चित्रपट कोणासाठीं थांबत नाहीं. घरीं तो थांबवितां येतो, आणि आजीला प्रश्न विचारतां येतो. ही सोय पुढें पळण्यासाठीं न वापरतां थांबण्यासाठीं वापरावी. हा सिद्दी कोण, तो कोणाच्या चाकरींत होता, विशाळगड नकाशावर कोठें आहे, बखर म्हणजे काय, हे प्रश्न पडले कीं चित्रपट थांबवावा, बोलावें, आणि पुन्हां तेथूनच पुढें जावें. अशा रीतीनें पाहिलेल्या एका चित्रपटांतून जें शिक्षण होतें, तें दहा तुकड्यांतून होणार नाहीं.

शेवटीं आपल्या दाराबाहेरच्या डोंगराविषयीं दोन शब्द. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, हें आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. परंतु १६५७ सालीं त्यांनीं जुन्नरवर छापा घातला, तरी शिवनेरी त्यांच्या हयातींत स्वराज्यांत आला नाहीं, हें किती जणांस ठाऊक आहे? त्याच गडावर कोळी चौथरा आहे. मोंगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांचा तेथें शिरच्छेद झाला, असें परंपरा सांगते. त्यांच्यासाठीं कोणी तोफ वाजविली नाहीं. आपल्या शाळांच्या सहली त्या चौथऱ्यावरून पाळण्याच्या जागेकडे घाईनें जातात; तेथेंही मधला भाग वगळण्याची आपली संवय सुटत नाहीं. घरीं चित्रपट सबंध पाहण्यास शिकलेला मुलगा गडावर त्या चौथऱ्यापाशीं क्षणभर उभा राहील, अशी मला आशा आहे.

माझा अभिप्राय थोडक्यांत असा: 'पावनखिंड' घरीं अवश्य पाहावा, पण सर्वांनीं मिळून, दिवा मालवून, आरंभापासून शेवटपर्यंत, एकही पाऊल न वगळतां पाहावा. पालकांनीं मुलाच्या हातीं मोबाइल देऊन स्वयंपाकघरांत जाऊं नये, त्याच्याशेजारीं बसावें.

दुसऱ्या रात्रीं आम्ही तसेंच केलें. भाचा प्रथम कुरकुरला. वेढ्याच्या वेळीं त्यानें दोनदां जांभई दिली. पालखी गडाबाहेर पडली तेव्हां मात्र तो आजीजवळ सरकून बसला, आणि जें तिला दिसत नव्हतें तें तिला सांगूं लागला: आतां पाऊस वाढलाय, आतां मशाल विझलीय, आतां मागचे जवळ आलेत. खिंडींत बाजी उभे राहिले तेव्हां तो बोलावयाचा थांबला.

बऱ्याच वेळानें आजीनें विचारलें, "पोचलं का रं राजं?"

"आजून नाय," तो हळूच म्हणाला. "थांब जरा."