पाहुण्यांची पाहणी आणि गावाचा आराखडा

नगररचनेच्या उच्च शिक्षणात ‘स्टुडिओ’ नावाचा एक अभ्यासक्रम असतो. चित्रपटाच्या स्टुडिओशी त्याचा संबंध नाही. एखादे नगर किंवा वस्ती निवडावी, तेथे जाऊन पाहणी करावी, रहिवाशांशी बोलावे आणि सत्राअखेर आराखडा व अहवाल सादर करावा, अशी ही पद्धत. अलीकडच्या काळात तिला आंतरराष्ट्रीय रूप आले आहे. परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थी येतात, येथील एखाद्या महाविद्यालयाच्या साहाय्याने दोन-तीन आठवडे हिंडतात आणि परत जाऊन आराखडे सिद्ध करतात. मुंबईची धारावी हे तर अशा गटांचे जणू तीर्थक्षेत्रच झाले आहे. २०१३ च्या प्रयाग येथील कुंभमेळ्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यापक-विद्यार्थ्यांनी गंगेच्या पात्रात वसलेल्या तात्पुरत्या नगराचा अभ्यास केला व त्यावर ग्रंथही काढला.

परक्या नजरेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. रोजच्या सवयीने जे आपल्याला दिसेनासे होते, ते पाहुण्याला दिसते. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ साली भारतात आले व त्यांनी येथील अनेक नगरे पायी हिंडून पाहिली. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी आराखडा, हा त्यांचा क्रम होता. दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ता काढण्यापेक्षा मोजकी घरे हलवून हवा व उजेड आणावा, असा त्यांचा आग्रह असे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या प्रोत्साहनाने गोविंद सदाशिव घुर्ये विलायतेस शिकण्यास गेले. पुढे तोच विभाग डॉ. घुर्ये यांनी नावारूपास आणला. पाहुणा गेला, पण मागे अभ्यासक उभा राहिला. आजच्या स्टुडिओंनाही हीच कसोटी लावावयास हवी.

समजा, असा एखादा गट उद्या माजलगावला आला. सिंदफणेवरील धरण, त्याखालील उसाची शेती, बाजारपेठ, बसस्थानक हे सर्व तो टिपून घेईल. परंतु हे गट बहुधा थंडीच्या दिवसांत येतात. त्यांच्या सत्रांना आणि प्रकृतीला तोच काळ सोयीचा. नेमक्या त्याच काळात बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ फडावर असतो आणि वस्तीत राहतात म्हातारी माणसे व काही मुले. पाहुण्यांना वस्ती विरळ दिसेल, नळावर गर्दी दिसणार नाही. गाळप संपून माणसे परततात ती उन्हाळ्यात, म्हणजे पाण्याची ओढ सुरू होते तेव्हा. तोवर पाहुण्यांचे अहवाल लिहून झालेले असतात.

हा दोष केवळ पाहुण्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि त्या संपूर्ण काळात बाहेर असलेले कुटुंब जेथे सापडले तेथे मोजावयाचे, असा नियम आहे. म्हणजे सरकारी आकड्यांतही हंगामी गैरहजेरी शिरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खालील विकास योजना लोकसंख्येच्या अंदाजावरच उभी राहते. आकडाच अपुरा असेल तर पाण्याची टाकी, शाळा, शौचालये सारेच अपुरे पडणार. कुंभातील तात्पुरते नगर जगाने मोजले. आमच्या जिल्ह्यातील तात्पुरती ओस पडणारी वस्ती मोजावयास अजून कोणी आलेले नाही.

पाहणीवाचून केलेल्या रचनेची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वसविलेल्या कित्येक गावांत सरळ, रुंद रस्ते आले. परंतु वाड्यांची व गल्ल्यांची जुनी जवळीक हरवली आणि गाव लांबच लांब पसरले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर स्टुडिओचा लाभ आणि खर्च यांचे वाटप विषम आहे. गुण, पदवी व प्रकाशने पाहुण्यांना मिळतात. प्रश्नांना उत्तरे देण्यात ज्यांचा रोज बुडतो, त्या माणसांच्या वेळेचा हिशेब कोठेच लिहिला जात नाही. अहवाल इंग्रजीत निघतो आणि ज्याच्याविषयी तो असतो, त्याला वाचता येत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. पाहणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा हंगामात व एकदा मजूर परतल्यावर. अहवालाची मराठी प्रत व नकाशे नगर परिषदेत आणि सार्वजनिक वाचनालयात ठेवावेत, म्हणजे विकास योजनेच्या प्रारूपावर हरकती-सूचना देताना नागरिकाच्या हाती काही पुरावा राहील. आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्र-भूगोलाच्या विद्यार्थ्यांना दुभाषे म्हणून न राबविता बरोबरीचे सहअभ्यासक करावे, त्यांच्या कामास गुण व मानधन द्यावे. त्यांच्यातील काहींचे आईबाप स्वतः कोयत्यावर जातात. कोणत्या वस्तीत कोणत्या महिन्यात किती चुली पेटतात, हे त्यांना कोणत्याही नकाशाहून अधिक ठाऊक असते.

तथापि पाहुण्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वह्या, पेन्सिली आणि एक शिक्षक एवढ्या भांडवलावर घरोघरची हंगामी गणती आपली महाविद्यालये याच वर्षी सुरू करू शकतात. मग पाहुणे आले, तर त्यांना दाखवावयास आपल्यापाशी आपल्या गावाचा खरा आकडा असेल.