लोकरीचा नाही, तासांचा भाव लावा

क्रोशाचं एक छोटं अस्वल. समजा लोकर आणि आत भरायचं फायबर मिळून १५० रुपये, विणायला ६ तास. तुम्ही ते ३५० ला विकलंत, तर तासाला हातात पडले जेमतेम ३३ रुपये! हा धंदा झाला की हौस?

माझं स्पष्ट मत सांगतो. नुसती खेळणी विकून हात थकतील, गल्ला भरणार नाही. नवीन डिझाइन करताना चार वेळा उसवता ना? तीच खरी मेहनत. प्रत्येक ओळीतले टाके वहीत लिहून ठेवा. स्वतःच्या डिझाइनचा पॅटर्न पीडीएफ करून विका. एक खेळणं एकदाच विकलं जातं, पॅटर्न पुन्हा पुन्हा.

आणि मावशी म्हणाल्या, "लोकर तर एवढीशीच लागली!" तर हसून सांगा, "मावशी, पैसे तासांचे आहेत."

आज रात्रीच तुमचा तासाचा भाव लिहून काढा.